निसेको आणि जपानचा पावडर बर्फ: आपापले अनुभव लिहा

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर जाऊन स्की शिकून आलेली, मुलांना घेऊन बर्फात खेळून आलेली, किंवा नुसतं खिडकीशी बसून हिमवर्षाव बघून आलेली मराठी माणसं आता बरीच आहेत. त्यांनी लिहावं म्हणून हा धागा. सुरुवात निसेकोपासून करू, पण नागानो, निइगाता, यामागाता, कुठलेही अनुभव चालतील. हॉटेलांच्या जाहिरातींतून जे कळत नाही तेच लिहा. बर्फ पायाखाली कसा लागतो, मुलं किती वेळ टिकतात, शाकाहारी माणूस काय खातो, भीती कुठे वाटली.

माझ्यापासूनच सुरुवात करते. मी योकोहामात राहते आणि हिवाळा आला की मला होक्काइदोचे वेध लागतात. निसेको म्हणजे अन्नुपुरी या एकाच डोंगराच्या अंगावर असलेली चार स्की-क्षेत्रं: हिराफू, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि अन्नुपुरी. चौघांचा मिळून एक पास मिळतो. डोंगराची उंची १३०८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही कमी (कळसूबाई १६४६). एवढ्याशा डोंगरावर एका हिवाळ्यात साधारण १४-१५ मीटर बर्फ पडतो. सायबेरियाहून निघालेली कोरडी, गोठलेली हवा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलते आणि होक्काइदोच्या पहिल्याच डोंगरांवर ते टाकून देते. अरबी समुद्राचा वारा घाटमाथ्यावर आदळतो आणि आंबोलीत पाऊस कोसळतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे हवा इतकी थंड असते की पडणारा बर्फ कोरडा राहतो. मुठीत दाबून पाहा, गोळा होत नाही. बोटांतून निसटतो आणि हातमोजा झटकला की मागे काही उरत नाही.

ज्यांना निळं आकाश आणि उन्हात चमकणारी शिखरं हवीत त्यांनी जानेवारीत इथे येऊ नये. सूर्य क्वचितच दिसतो. बर्फ मात्र रात्रंदिवस पडत असतो, आणि मी त्याच्यासाठीच जाते.

* * *

पुण्याहून

आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई असे गेलो होतो. मुलांना स्कीच्या शाळेत घातलं. मास्तर बाई जपानी होत्या, इंग्रजी जेमतेम, पण मुलांना भाषेची अडचण आलीच नाही. स्कीची टोकं जुळवून मागच्या बाजू फाकवायच्या आणि थांबायचं, हे पहिल्या सकाळीच जमलं. नंतर त्यांना खाली उतरवणं हेच काम होऊन बसलं.

कपड्यांबद्दल: जाकीट आणि पँट तिथे भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. मोजे आणि आतले थर्मल मात्र आपले चांगले न्या. सुती मोजे अजिबात नकोत, घामाने ओले होतात आणि बोटं बधिर होतात. मुलांच्या हातमोज्यांची दुसरी जोडी हवीच.

शाकाहाराचं सांगते, कारण जाण्याआधी मलाही तीच काळजी होती. जपानी रश्श्यात बहुधा सुक्या माशाचा अर्क, दाशी, असतोच. भाज्यांचं सूप म्हणून दिलं तरी विचारून घ्यावं. आम्ही खोलीत स्वयंपाकाची सोय असलेली जागा घेतली होती. तांदूळ तिथे उत्तमच मिळतो आणि शेजारच्या कुच्चान गावचे बटाटे तर प्रसिद्धच आहेत. मसाल्याचा डबा घरून नेला होता. सेइकोमार्ट या तिथल्या दुकानात दूध, दही, ब्रेड, फळं मिळायची. बाहेर बर्फ आणि आत बटाट्याची रसभाजी नि गरम भात, याने मुलं जितकी खूश होती तितक्याच सासूबाईही.

* * *

मुंबईहून

मी गुलमर्गला स्की शिकलो, त्यामुळे तुलना करतोच. तिथल्या अफरवाट डोंगरावरच्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा जवळजवळ ४००० मीटरला सोडतो, श्वास तिथेच अडकतो. निसेकोत दम लागण्याचा प्रश्नच नाही. पण गुलमर्गच्या मोकळ्या उतारांवरून आलेल्याला इथली झाडी वेगळंच काही शिकवते. भूर्जाची झाडं सुटी सुटी उभी असतात आणि त्यांच्यामधून वाट काढत उतरायचं असतं. खाली सासा नावाचा ठेंगणा बांबू असतो. तो पुरता गाडला गेल्याशिवाय झाडीत मजा नाही, म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला जाऊ नका. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

तंत्राबद्दल थोडं. दाबून सपाट केलेल्या उतारावर आपण वळणाच्या बाहेरच्या पायावर भार देतो. पावडरमध्ये तसं केलं की तो पाय खाली जातो आणि माणूस तोंडावर येतो. दोन्ही पाय जवळ, भार दोघांवर सारखा, आणि वेग थोडा जास्तच हवा. हळू गेलं की बुडायला होतं. स्की रुंद घ्या, भाड्याच्या दुकानात ‘पावडर’ म्हटलं की देतात. आणि पडल्यावर उठताना हाताने रेटू नका, हात खांद्यापर्यंत आत जातो. दोन्ही काठ्या फुलीसारख्या बर्फावर आडव्या ठेवा आणि त्या फुलीवर जोर देऊन उठा. स्की निसटली असेल तर आपण जिथे थांबलो त्याच्या वरच्या बाजूला शोधायची. काठीने आडव्या रेषा मारत जा, कधीतरी टक् असा आवाज येतो.

एकदा असं वळण साधलं की बर्फ छातीवर येतो, चेहऱ्यावर उडतो, क्षणभर काही दिसत नाही आणि कानांना काहीही ऐकू येत नाही. ते मला पुन्हा पुन्हा हवं आहे.

* * *

मेलबर्नहून

निसेको जगासमोर आणण्यात आम्हा ऑस्ट्रेलियावाल्यांचा मोठा हात आहे. आमच्याकडे उन्हाळा असतो तेव्हा तिथे भर हिवाळा, आणि घड्याळही फारसं बदलावं लागत नाही. मी तिथे एक हंगाम नोकरी केली, लिफ्टपाशी बर्फ उपसण्याची. त्यामुळे नियमांबद्दल लिहितो, आणि हे कृपया नीट वाचा.

डोंगरावर दोर लावलेले असतात. दोराखालून जायचं नाही, कधीच नाही. बाहेरच्या भागात जायला ठरावीक फाटकं आहेत आणि ती रोज हवामान बघून उघडतात किंवा बंद ठेवतात. यालाच तिथे ‘निसेको नियम’ म्हणतात. दरडीसारखा बर्फ कोसळून माणसं गेल्यानंतर स्थानिकांनी हे नियम घडवले. हिमस्खलनाची माहिती रोज सकाळी लिहून लावली जाते. ती वाचल्याशिवाय मी कुणाला फाटकातून जाऊ देत नसे. युनोसावा नावाची एक दरी आहे, तिथे केव्हाही जायला मनाई आहे. बाहेर हरवलात तर शोधमोहिमेचा खर्च तुमच्याकडूनच घेतात.

दुसरा धोका लोकांना माहीतच नसतो. सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांखाली बुंध्याभोवती पोकळी राहते, वरून ती दिसत नाही. डोक्याकडून आत पडलं तर स्वतःहून बाहेर येणं जवळजवळ अशक्य. म्हणून झाडीत एकट्याने जायचं नाही, सोबत्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही, आणि शिट्टी गळ्यात हवी.

वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद होतात. तेव्हा खालच्या झाडीत जा, तिथे बर्फ आणखी छान असतो.

* * *

नाशिकहून

मी पासष्टीची आहे, गुडघ्यांमुळे स्की केली नाही आणि तरीही जावं असं सांगायला लिहिते आहे. बर्फात चालायचे रुंद जोडे बांधून वाटाड्याबरोबर झाडीत फिरले. कोल्ह्याच्या पावलांची एक सरळ रेघ दिसली. क्योगोकूच्या फुकिदाशी बागेत योतेई डोंगराच्या पोटातून आलेलं पाणी अखंड वाहतं. भोवती सगळं गोठलेलं आणि मध्ये ते पाणी. लोक कॅन घेऊन येतात, भरून नेतात. मीही ओंजळीने प्यायले.

योतेई (१८९८ मीटर) एका सकाळी तासभर उघडा झाला. फुजीसारखाच शंकू, म्हणून त्याला एझो फुजी म्हणतात (एझो हे होक्काइदोचं जुनं नाव). थिओडोर फोन लेर्ख या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने १९११ मध्ये निइगातातल्या ताकादात जपानी सैनिकांना स्की शिकवली आणि १९१२ मध्ये तो या योतेईवर स्की घेऊन चढला, हे आमच्या वाटाड्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात, बायकांचं कुंड वेगळं असतं. अंगावर काही न घालता उतरायचं याचा संकोच पहिल्या दिवशी फार वाटला, पण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. आधी बसून स्वच्छ अंघोळ करायची, मग कुंडात. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. उघड्यावरच्या कुंडात गळ्यापर्यंत गरम पाणी आणि केसांवर बर्फ!

* * *

टोकियोहून

सर्वांचं पटतं, पण निसेको आता फार महाग झालंय आणि हिराफूच्या रस्त्यावर जपानी कमी ऐकू येतं. मला गावात राहायला आवडतं, म्हणून मी नागानोतल्या नोझावा ओन्सेन या गावी जातो. होकुरिकु शिनकानसेन या वेगवान रेल्वेने इइयामा, तिथून बसने गाव. बर्फ निसेकोइतका हलका नाही, हे मान्य. पण गावात १३ सार्वजनिक स्नानगृहं आहेत, गावकरीच त्यांची देखभाल करतात, आणि पाहुण्यालाही खुली. पेटीत थोडे पैसे टाकायचे. पाणी मात्र कढत असतं, पाय आधी टेकवून बघा.

१५ जानेवारीला दोसोजिन या रक्षक देवतेचा अग्नी-उत्सव असतो. लाकडांचा उंच मंडप उभारतात, ४२ वर्षांचे पुरुष वर बसतात, २५ वर्षांचे पायथ्याशी उभे राहून तो राखतात आणि बाकीचा गाव तो पेटवायला मशाली घेऊन चालून येतो. ही दोन्ही वयं पुरुषांना जड मानतात. ठिणग्या अंगावर येतात, म्हणून जुनं जाकीट घालून जा.

* * *

पुण्याहून, पुन्हा

रात्रीच्या स्कीबद्दल लिहायचं राहिलं. दिवसा ढगांमुळे उजेड सपाट असतो, खळगे दिसत नाहीत. रात्री मोठ्या दिव्यांमुळे सावल्या पडतात आणि उतार स्पष्ट कळतो. नवशिक्यांनी आवर्जून जावं.

* * *

धागाकर्ती

फेब्रुवारीत जाणाऱ्या दोघांनी निरोप पाठवून विचारलंय म्हणून: शिन-चितोसे विमानतळाहून निसेकोला बसने अडीच-तीन तास लागतात, आसन आधी राखून ठेवा. जोराच्या हिमवर्षावात विमानं रद्द होतात, त्यामुळे परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या रात्री टोकियोत पोचलेलं बरं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सप्पोरोत हिमोत्सव असतो, खोल्या मिळत नाहीत. तेव्हा तिथला मुक्काम ठरवायचा असेल तर आत्ताच ठरवा. यामागाताच्या झाओला बर्फाने मढलेली झाडं बघून आलेलं कुणी असेल तर लिहा, मला तिथे जायचंय.