घोटा सारखा मुरगळतो, चालच बदललीय

प्रश्न : कबड्डीत उजवा घोटा मुरगळला, तेव्हा मालिशवर भागवलं. आता सपाट रस्त्यावरही पाऊल आत वळतं. उजव्या चपलेची बाहेरची कड डावीपेक्षा जास्त झिजते. सूज नाही, दुखणं नाही. मग असं का?

उत्तर : घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) सैल राहिलं की टाच टेकताना पाऊल आत कलतं, भार बाहेरच्या कडेवर जातो. पाऊल नेमकं कसं पडतंय ही जाणीवही मंदावते. साध्या एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही.

दुसरं उत्तर : ती जाणीव सुधारायला दात घासताना एका पायावर उभे राहा, बेसिन हाताशी असू द्या. जमलं की डोळे मिटून. कंटाळवाणं आहे, पण फिजिओही हेच करवून घेतात.

प्रश्नकर्ता : डोळे मिटताच बेसिन धरलं राव!

उत्तर : मग फिजिओला दाखवाच. मालिश पुरे.