आईचं पोट साफ होत नाही – रोज झेपेल असं घरगुती काय करावं? (नागपूर)

मोहफूल

नमस्कार मंडळी,

मी इथे बहुतेक वेळ वाचनमात्र असते. आज मदत हवी आहे म्हणून धागा काढतेय.

आई ६४ वर्षांची, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त. आधी महाल भागातल्या जुन्या घरी राहायची, आता आमच्यासोबत मनीषनगरला फ्लॅटमध्ये. तक्रार अशी की पोट साफ होत नाही. दोन-तीन दिवसांनी कधीतरी होतं, तेही कुंथून. संध्याकाळी पोट फुगतं, ढेकरा येत राहतात, जेवावंसं वाटत नाही. मग रात्री चहा-टोस्ट खाऊन झोपते. सोनोग्राफी झाली, त्यात काही नाही. थायरॉइडची गोळी जुनीच आहे आणि मागच्या तपासणीत थायरॉइड ठीक होतं. डॉक्टर म्हणाले, फायबर वाढवा, पाणी प्या, चाला. बरोबरच असेल ते, पण आमच्या घरात बसवायचं कसं?

कारण घरात सल्ल्यांना तोटा नाही. मामी म्हणते सकाळी कोमट पाण्यात तूप घे. शेजारच्या काकू त्रिफळ्याच्या बाजूच्या. आत्याचा ओव्यावर आणि काळ्या मिठावर विश्वास. दादाने ऑनलाइन कसलंसं 'पोटशुद्धी' चूर्ण मागवून दिलं आहे. आई कोणाचंच मन मोडत नाही, त्यामुळे सगळंच थोडं थोडं घेते. वर श्रावण सुरू आहे, म्हणजे सोमवार आणि शनिवार उपास. पुढे पोळा आणि मग महालक्ष्म्या आमच्याकडेच आहेत. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी असं सगळं तिच्या देखरेखीखाली होईल आणि तीच ताटाला हात न लावता उठेल, हे मागच्या वर्षी पाहिलं आहे.

चमत्कार नको. साधं, रोज जमेल असं काही सांगा.

भिवापुरी_तिखट

ताई, एवढं काय टेन्शन घेऊन राहिली? आमची आजी महिन्यातून एकदा सगळ्यांले एरंडेल पाजे. चहात टाकून. दुसऱ्या दिवशी घर कसं शांत! बाकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक येऊनच राहिली आहे. "गॅस-अपचन घेऊन जा गे मारबत!" म्हणून ओरडून घ्या इतवारीत उभं राहून.

कूलरची_ताटी

मारबतीचं पटलं, एरंडेलाचं नाही. चौसष्ट वर्षांच्या बाईला एरंडेल दिलं की पोटात कळा, जुलाब आणि मग थकवा. तेवढ्यापुरतं पोट रिकामं होईल, सवय काही लागणार नाही.

मोहफूल, उपाय सांगण्याआधी थोडं विचारते. आई दिवसभरात नक्की काय खाते? डॉक्टरांना सांगतात तसं नाही, खरंखुरं. पाणी किती आणि कधी पिते? गोळ्या कोणकोणत्या, कोणत्या वेळी? संडास भारतीय की कमोड? आणि दात कसे आहेत?

मोहफूल

दातांचं तुम्हाला कसं सुचलं? खालच्या दाढा मागच्या वर्षी काढल्या. कवळी केली आहे, पण ती टोचते म्हणून डबीतच असते.

खाणं: सकाळी चहा-खारी, दहाला पोहे किंवा उपमा. दुपारी एक पोळी वरणात कुस्करून, भात, भाजीतला फक्त आलू. भाकर चावत नाही म्हणून सोडली, कोशिंबीरही. संध्याकाळी परत चहा. रात्री खिचडी नाहीतर टोस्ट. उपासाला साबुदाण्याची उसळ, आलूचा कीस, फल्लीदाणे. पाणी दुपारपर्यंत ठीक, नंतर जवळजवळ बंद. गुडघे दुखतात, रात्री उठावं लागू नये म्हणून.

गोळ्या: थायरॉइड, कॅल्शियम, लोह. उन्हाळ्यात हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हापासून शेवटच्या दोन सुरू आहेत. तिन्ही सकाळी चहानंतर एकदमच घेते, "एकदाचं आटोपलं" म्हणून. कमोड आहे.

धंतोली_काउंटर

औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून गोळ्यांपुरतं बोलतो. लोह आणि कॅल्शियम या दोन्हींनी मलावरोध होऊ शकतो. त्रास गोळ्यांच्या आधीचा आहे की नंतर वाढला, हे आईला विचारा.

दुसरं, तिन्ही एकत्र घेणं चुकीचं आहे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब ठेवायचं, नाहीतर थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही. लोह आणि कॅल्शियमसुद्धा एकमेकांपासून वेगळ्या वेळी, आणि लोहाच्या आगेमागे चहा नको. तुम्ही म्हणता थायरॉइड ठीक होतं, पण ती तपासणी या गोळ्या सुरू होण्याआधीची की नंतरची? थायरॉइड कमी पडलं तरी पोट असंच जड राहतं.

मनाने काही बंद करू नका. डॉक्टरांना विचारलं तर लोहाचा दुसरा प्रकार किंवा वेगळी मात्रा देता येते. आणि दादाने आणलेल्या चूर्णाची डबी उलटी करून घटक वाचा. सोनामुखी लिहिलं आहे का?

मोहफूल

आहे. दुसऱ्याच नंबरवर. आणि थायरॉइडची तपासणी आधीची, मार्चमधली.

धंतोली_काउंटर

मग तपासणी पुन्हा करायला सांगा. सोनामुखी आतड्याला ढकलून काम करून घेते. अधूनमधून घेतली तर ठीक, पण रोज महिनोन्‌महिने घेण्याची ती वस्तू नाही. मुरडा येतो, जुलाब झाले तर अंगातले क्षार कमी होतात. दुकानात रोज पाहतो, "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" म्हणत लोक डबीमागून डबी नेतात. आयुर्वेदाचे चांगले वैद्यही असं बेहिशेबी द्यायला तयार होणार नाहीत. काळं मीठही मीठच आहे, बीपी असेल तर जपून.

शेवग्याची_शेंग

संत्री का नाही देत? नागपूरला राहून संत्र्याचा प्रश्न पडावा! रस नको, वरचे पांढरे धागे ठेवून फोडीच खायच्या.

ज्वारीचं_कणीस

कणसांच्या दिवसांत संत्री कुठून आणायची? आंबिया बहाराच्या संत्र्यांना अजून वेळ आहे, मृग बहाराची तर त्याच्याही पुढे. आता बाजारात पेरू आणि पपई आहे. पेरूच्या बिया कवळीवाल्यांना नकोशा होतात. पिकली पपई मऊ असते, तीच घ्या.

मोहफूल, माझ्या सासूबाईंचं हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चावता येत नाही, म्हणून माणूस मऊ खातं. आपल्याकडे मऊ म्हणजे मैदा, साबुदाणा, आलू, पांढरा भात. यात चोथा फारसा नाही. 'फायबर वाढवा' म्हटलं की लोक काकडी-गाजराचं ताट पुढे करतात, ते त्यांना चावत नाही, मग सगळंच राहून जातं. मऊ आणि चोथा असलेलं असं दोन्ही साधेल ते शोधायचं.

भाकर चावत नसेल तर ज्वारीच्या कण्या शिजवा, ताक घालून. आंबील तर तुमच्या घरातच आहे, ती महालक्ष्म्यांपुरती ठेवायची काय गरज? ढेमसं, लवकी, दोडकं, कोहळं मऊ शिजतं. दोडक्याच्या शिरांची चटणी करता आली तर फारच छान. पालक, चवळाई डाळीत घालून घोटायची. मुगाची डाळ सालासकट घ्या. आणि जवसाची चटणी! विदर्भात जन्म घेऊन जवस विसरलो तर आपल्यासारखे करंटे आपणच. भाजून बारीक कुटायचं, आख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. रोज एक-दोन चमचे, वरण-भातावर नाहीतर कण्यांवर. भातावर जवसाचं तेल घालून खाते ना आई? मग जवसाची सवय असेलच.

उपासाला साबुदाण्याऐवजी भगर, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची लापशी. श्रावण मोडायला कोणी सांगत नाही.

एक मात्र. चोथा एकदम वाढवू नका, पोट आणखी फुगेल. आधी जवस, आठवडाभराने पालेभाजी, असं.

कूलरची_ताटी

कणीस यांना शंभर टक्के अनुमोदन. चोथा वाढवला आणि पाणी तेवढंच राहिलं तर उलटा त्रास, म्हणून पाण्याची वेळ बदला. दिवसभराचं पाणी सकाळपासून पाच वाजेपर्यंत संपवायचं, संध्याकाळी घोटभरच. रात्री उठावं लागणार नाही. ताक, वरणाचं पाणी, आंबील हे सगळं पाण्यातच धरा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किती ते डॉक्टरांना विचारून.

आणि आता जरा अवघड विषय. शिक्षिका होत्या म्हणालात. माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. संडासची सोय धड नाही, तास सोडून जाता येत नाही. सकाळी घाईत डबे भरून निघायचं आणि मग संध्याकाळपर्यंत दाबून ठेवायचं. वर्षानुवर्षं असं केलं की शरीर इशारा देणंच कमी करतं. निवृत्त झालं म्हणून ते आपोआप परत येत नाही, सवय नव्याने लावावी लागते. काही खाल्लं की आतड्याची हालचाल वाढते, सकाळच्या नाश्त्यानंतर जास्तच. म्हणून नाश्ता झाला की इच्छा असो-नसो, पाच-दहा मिनिटं जाऊन बसायचं. मोबाईल न घेता. जोर करायचा नाही. झालं तर झालं, नाहीतर उठायचं.

कमोडवर बसताना पायाखाली लहान चौरंग किंवा प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल ठेवा, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले पाहिजेत. उकिडवं बसल्यासारखी मार्गाची दिशा सरळ होते. महालातल्या घरी भारतीय संडास होता ना? मग फरक नक्की जाणवेल. गुडघ्यांना झेपेल एवढीच उंची.

भिवापुरी_तिखट

हे काम की बात आहे ना बावा. माह्या बापाले चौरंगाचा फरक पडला. मी एरंडेल मागे घेतो. पण तर्री-पोहे बंद करा असं कोणी म्हटलं तर मी धागा सोडून जाईन.

सिस्टर_रात्रपाळी

तर्री तुम्ही खा, पण रात्री उशिरा सावजी हाणून लगेच झोपता ते बंद करा.

मोहफूल, घरगुती उपाय जरूर करा, पण काही गोष्टींवर नजर ठेवा. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, उलट्या, गिळायला त्रास, पोट फुगून वायूसुद्धा न सरणं, यांपैकी काहीही झालं तर चूर्ण-काढे बाजूला ठेवून लगेच दाखवायचं. डांबरासारखी काळी, चिकट शौच धोक्याची असते. लोहाच्या गोळीनेही रंग काळपट होतो म्हणून घाबरू नका, पण शंका आली तर दाखवा.

आणि एक कोणी विचारलंच नाही. हिमोग्लोबिन कमी का झालं? या वयात 'बायकांचं असतंच' म्हणून सोडायचं नसतं. पोटातून थोडं थोडं रक्त जात असेल तरीही ते कमी होतं, आणि ते सोनोग्राफीत दिसत नाही. शौचाच्या सवयीत बदल आणि हिमोग्लोबिन कमी, हे दोन्ही एकत्र डॉक्टरांच्या कानावर घाला. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण विचारायचं.

बडीशेप, ओवा, जिऱ्याचं पाणी याने फुगणं कमी वाटत असेल तर चिमूटभर घेऊ द्या. पण छातीत दाब, घाम, धाप यांना 'गॅस' समजून ओवा देत बसू नका. रात्रपाळीला असे पेशंट येतात, म्हणून सांगते.

मोहफूल

सिस्टर, हिमोग्लोबिनचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, गोळ्यांच्या वेळा, थायरॉइड आणि हे, तिन्ही लिहून नेते.

आईला शाळेचं वाचून दाखवलं. आधी हसली, मग म्हणाली, "आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचंच हे होतं, बोलायचं कोण?"

कवळी घासून घ्यायला दंतवैद्याकडे जायला मात्र ती तयार नाही. ती समजूत दादा काढेल, चूर्ण त्यानेच आणलं होतं.

इसबगोल चालेल का? आणि कणीसताई, आंबिलीचं प्रमाण द्याल? आमच्याकडे अंदाजाने होते आणि तो अंदाज आईच्याच हाताला आहे.

धंतोली_काउंटर

डॉक्टर हो म्हणाले तर इसबगोल चालेल. एक चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यात, भिजवून ठेवायचं नाही, ढवळलं की लगेच प्यायचं आणि वरून आणखी पाणी. कमी पाण्यात घेतलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. झोपायच्या वेळी पाणी नको असेल तर दुपारीच घ्या, गोळ्यांपासून दोन तास लांब. सोनामुखीसारखं रात्रीत काम करत नाही, दोन-तीन दिवस वाट पाहा.

ज्वारीचं_कणीस

अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, दोन वाट्या आंबट ताकात कालवून रात्रभर झाकून. सध्या दमट आहे, लवकर आंबतं, सकाळी वास घेऊन बघा. तीन वाट्या पाणी उकळायचं, त्यात जिरं, ठेचलेलं आलं, मीठ. पीठ हळूहळू ओतत ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. दहा-बारा मिनिटं मंद आचेवर, चकाकी आली की झाली. खाली उतरवून सांबार (कोथिंबीर) पेरायचा. महालक्ष्म्यांच्या आंबिलीत खोबरं आणि फल्लीदाणे पडतात, रोजच्या आंबिलीत नको, दाणे आईला चावणार नाहीत.

घट्ट वाटली तर ताक घाला, पाणी नको. चव उतरते.