कर्नाटकातले उजवे नेते म्हणजे फक्त येडियुरप्पाच काय? बेळगावकरांनो जरा सांगा

हलशीकर_९९
नमस्कार मंडळी. एम. ए. पॉलिटिकल सायन्सला आहे, सेमिनारला विषय मिळालाय कर्नाटकच्या इतिहासातले कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजवे नेते. गूगल केलं की भाजपचे येडियुरप्पा, अनंतकुमार, मग परत येडियुरप्पा. १९५६ पासून २००८ पर्यंत इथं काय सगळे डावेच बसले होते काय? आणि आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातलं कोण बसतं का त्यात, आजोबांना विचारलं तर म्हणाले आपण समितीवाले (म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणारी महाराष्ट्र एकीकरण समिती), उजवं-डावं आपल्याला नको सांगूस. सर कडक आहेत, नुसती नावं चालत नाहीत, कारणं लागतात.

तिसरं_रेल्वेगेट
भाजपपासून सुरू केलंस तर अर्धा विषय हातचा गेला बघ. कर्नाटकातला खरा जुना उजवा माणूस काँग्रेसमध्येच होता. निजलिंगप्पा घे. कर्नाटक एकीकरणाच्या चळवळीतले मोठे, १९५६ ला एकत्र झालेल्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री, मधे जत्ती आले (जमखंडीचे, शिक्षण कोल्हापूरला, म्हणजे आपल्याच पट्ट्यातले), मग १९६२ ते ६८ परत निजलिंगप्पा. नंतर ते ऑल इंडिया काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९६९ ला बँकांचं राष्ट्रीयीकरण, राष्ट्रपतिपदाची निवडणूक या भानगडीत इंदिरा गांधींशी जुंपली, नोव्हेंबरात यांनी बाईंनाच पक्षातून काढलं. तेव्हा पक्ष फुटून इंदिराविरोधी गटाची जी संघटना काँग्रेस झाली ती बघ, खाजगी मालमत्तेला हात लावू नका, गावच्या पाटील-गौडांची घडी मोडू नका, असल्या विचाराची माणसं तिथं जास्त. वीरेंद्र पाटील त्यातलेच, आणि ते तेव्हा मुख्यमंत्री.

दुसऱ्या बाजूला इंदिरा गांधींच्या गटातले देवराज अर्स. १९७२ ला मुख्यमंत्री म्हणून आले, १९७४ ला कूळकायदा असा कडक केला की कसेल त्याची जमीन, वर मागासांसाठी हावनूर आयोग. लिंगायत आणि वक्कलिग या दोन मोठ्या जमीनदार समाजांच्या हातातलं राजकारण त्यांनी सैल केलं. आपल्याकडं पण इनामदार-देशपांड्यांच्या जमिनी कुळांकडं गेल्या, वाड्यांवरची माणसं आजही अर्स म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात, आणि कुळांच्या घरात फोटो. आता हे कळल्याशिवाय उजवे कोण ते कळणार नाही, कारण इथला उजवेपणा आधी जमिनीचा आणि जातीच्या वजनाचा होता, देवळाचा नंतर झाला.

अजून एक. राजाजींच्या स्वतंत्र पक्षाला (सरकारी नियंत्रणं नकोत म्हणणारा) १९६७ च्या विधानसभेत इथं १६ जागा होत्या, जनसंघाला, म्हणजे भाजपच्या आधीच्या अवताराला, ४. आज कुणाला सांगितलं तर पटत नाही.

गुड्सशेड_रोड
सगळ्यात पहिलं नाव टिळकांचं घाल की लेका. १९१६ ला होमरूल लीग बेळगावात काढली, आणि मुलींचं संमतिवय वाढवणाऱ्या कायद्याला विरोध केलेला माणूस, याहून कॉन्झर्व्हेटिव्ह काय पाहिजे. सावरकरांना पण १९५० ला इथंच बेळगावजवळ हिंडलग्याच्या जेलात ठेवलेलं.

तिसरं_रेल्वेगेट
गुड्सशेड, कर्नाटक राज्याचा इतिहास चाललाय, बेळगावात कोण येऊन गेलं त्याचा नव्हे. तसं बघायला गेलं तर टिळकांचे इथले उजवे हात गंगाधरराव देशपांडे पुढं गांधींचे झाले आणि १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन त्यांनीच उभं केलं, मग त्यांना कुठं बसवणार तू?

शहापूरची_सून
माहेर हुबळीचं, म्हणून मधे बोलते. तिसरं गेट यांचं सगळं बरोबर आहे पण जनसंघाला ४ जागा म्हणून पुढं पळाले ते काय पटलं नाही. त्या चारातली एक हुबळीची, सदाशिव शेट्टर, म्हणजे जगदीश शेट्टर यांचे काका. जगदीश २०१२ ला मुख्यमंत्री झाले, २०२३ ला तिकीट नाही म्हणून काँग्रेसमध्ये गेले, हरले, वर्षाच्या आत परत आले आणि २०२४ ला तुमच्या बेळगावचेच खासदार. एकाच घरात जनसंघापासून आजपर्यंतची सगळी गोष्ट मिळते, सेमिनारला असलं उदाहरण भारी पडतं.

आणि जगन्नाथराव जोशींना कसं काय विसरलात सगळे? नरगुंदचे, संघाचे प्रचारक, १९५५ ला गोव्याच्या सत्याग्रहात तुकडी घेऊन गेले आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगात पडले. कन्नड आणि मराठी दोन्हीत सभा हसवत ठेवायचे, आमच्याकडं अजून म्हातारी माणसं त्यांच्या भाषणांच्या आठवणी काढतात. गंमत म्हणजे लोकसभेवर निवडून गेले ते भोपाळमधून १९६७ ला आणि शाजापूरमधून १९७१ ला. त्यांना कर्नाटक केसरी म्हणायचे पण मतं द्यायला कर्नाटक तेव्हा तयार नव्हतं, हे एक वाक्य तुमच्या सरांना नक्की आवडेल.

किनारपट्टीवर वेगळं चित्र. उडुपीची नगरपालिका १९६८ लाच जनसंघाकडं, डॉ. व्ही. एस. आचार्य अध्यक्ष, आणि त्यांनी डोक्यावरून मैला वाहायची पद्धत बंद केली. उजवे म्हणजे सुधारणेच्या विरोधातच असं समजणाऱ्यांनी हे वाचावं. भाजपचे इथले पहिले प्रदेशाध्यक्ष कोडगूचे ए. के. सुब्बय्या, १९८३ ला पक्षाला १८ जागा आल्या तेव्हाचे, तेच पुढं संघावर सगळ्यात जास्त तुटून पडणारे झाले.

तिसरं_रेल्वेगेट
ताई, जोशींचं नाव राहून गेलं ते खरंच. पण १८ नंतर काय झालं ते पण सांगा की, १९८५ ला २ आणि १९८९ ला ४. मग १९९४ ला एकदम ४० कसे झाले? दोन कारणं. १९८९ ला वीरेंद्र पाटलांनी, म्हणजे लिंगायत पुढाऱ्यानं, काँग्रेसला १७८ जागा आणून दिल्या आणि १९९० ला ते आजारी असताना राजीव गांधींनी विमानतळावरच त्यांना बदलायचं जाहीर करून टाकलं. लिंगायतांनी ते कधी माफ केलं नाही. दुसरं कारण तुमच्या हुबळीचं ईदगाह मैदान, १५ ऑगस्ट १९९४ ला तिथं तिरंगा लावायला भाजपच्या उमा भारती आल्या आणि गोळीबार झाला. लोक दुसऱ्या कारणावर जास्त बोलतात कारण त्यात नाट्य आहे, माझं मत विचारशील तर पहिलं मोठं. जुन्या काँग्रेसचा जो मतदार मी वर सांगितला, मठ आणि जमीन धरून असलेला, तो इकडून उठून तिकडं जाऊन बसला आणि येडियुरप्पा, तेही लिंगायत, त्याचे पुढारी झाले. २००८ ला ११० जागा आल्या, दक्षिणेतलं पहिलं भाजप सरकार. २०१२ ला ते रुसून बाहेर पडले, वेगळा पक्ष काढला, तर २०१३ ला भाजप ४० वर आला. म्हणजे ती मतं कुणाची होती ते बघ.

निपाणी_वेस
आपल्या भागाचं कुणीच सांगेना म्हणून मी सांगतो. इथं गणितं दोन होती. लिंगायत मतं वर सांगितल्यासारखी १९९० नंतर हळूहळू सरकली. १९९८ ला बेळगावातून भाजपचे पहिले खासदार कोण झाले माहीत आहे काय, बाबागौडा पाटील, रयत संघातून आलेले शेतकरी नेते, वाजपेयींच्या सरकारात मंत्रीही झाले. २००४ पासून सुरेश अंगडी सलग चार वेळा, रेल्वे राज्यमंत्री असताना सप्टेंबर २०२० ला कोविडनं गेले.

मराठी मतांचं वेगळंच. शिवजयंतीला भगवा घेऊन नाचणारा पोरगा आणि १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या (सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या) फेरीत जाणारा पोरगा एकच, पण मत मात्र समितीला. समितीत शेकापवाले, समाजवादी सगळे एकत्र होते, सीमाप्रश्न सुटेपर्यंत बाकी मतभेद खुंटीला टांगायचे हा नियम. म्हणून हलशीकर, तुझे आजोबा म्हणतात ते काही टाळाटाळ नव्हे. हिंदुत्वाचं मत इथं होतंच, त्याला स्वतःचा पक्ष नव्हता, ते समितीच्या पोटात होतं. समिती फुटायला लागली तसं ते बाहेर आलं. विधानसभेला २०१३ ला बेळगाव दक्षिण आणि खानापूर समितीचे, २०१८ ला शून्य, २०२३ लाही शून्य, आणि खानापुरात भाजपचे विठ्ठल हलगेकर, तेही मराठाच. महापालिका २०२१ ला पहिल्यांदा पक्षाच्या चिन्हावर झाली तर ५८ पैकी ३५ भाजप.

पण २०२१ लाच अंगडींच्या जागी पोटनिवडणूक झाली त्यात समितीच्या पोराला लाखावर मतं पडली आणि त्यांच्या पत्नी, भाजपच्या मंगला अंगडी पाच हजारांच्या आसपास फरकानं कशाबशा आल्या. येडियुरप्पांनी त्याच्या आधी नोव्हेंबर २०२० ला मराठा विकास महामंडळ काढलं होतं, कन्नड संघटनांनी त्यावर ५ डिसेंबरला बंद पुकारला, तरी ही गत. मराठी माणूस भाजपला मत देतो, पण सीमाप्रश्नावर या पक्षाची बेंगळुरूत एक बोली आणि मुंबईत दुसरी, हे त्याला दिसतंय. डिसेंबर २०२२ ला अमित शहांनी बोम्मई आणि शिंदे दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीला बोलावून बसवलं, आणि पंधरवडा नाही झाला तोवर दोन्ही विधिमंडळांत एकमेकांविरुद्ध ठराव. तेव्हा सरकार दोन्हीकडं यांचंच!

गुड्सशेड_रोड
निपाणी_वेस, समिती संपली असं लिहू नको उगाच, समितीच्या रामलिंगखिंडीत येऊन बोलून दाखव.

निपाणी_वेस
संपली कुठं म्हणालो गा, लाख मतं मीच सांगितली की वर. जागा शून्य आहेत ते तर रेकॉर्डवर आहे, त्याला मी काय करू.

हलशीकर_९९
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. निजलिंगप्पा, वीरेंद्र पाटील, जोशी, आचार्य, येडियुरप्पा आणि शेवटी बेळगावची एक स्लाइड असं करूलालो. पण रामकृष्ण हेगडे कुठं टाकू? पुस्तकात तर त्यांना समाजवादी गटात घातलंय.

शहापूरची_सून
हेगडे पण १९६९ ला निजलिंगप्पांबरोबरच गेलेले. १९८३ ला राज्यातले पहिले बिगरकाँग्रेस मुख्यमंत्री झाले ते भाजपच्या त्या १८ आमदारांच्या टेकूवर, आणि पुढं लोकशक्ती हा स्वतःचा पक्ष काढून १९९८ ला परत भाजपशी युती, तेव्हाच २८ पैकी १६ जागा आल्या आणि बाबागौडा निवडून आले. स्वतः उजवे म्हणू नका, पण उजव्यांना दोनदा घरात घेतलं ते त्यांनीच. एक बॉक्स करून मधे ठेवा.

तिसरं_रेल्वेगेट
ताईंचं ऐक. आणि संघटना काँग्रेसमध्ये हासनचे देवेगौडाही होते, अर्सांच्या काळात विरोधी पक्षनेते. ते नाव मात्र स्लाइडवर टाकू नको, सर हासनकडचे निघाले तर सेमिनार तिथंच संपला.