दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मुलीशी भेटच होत नाही

प्रश्न (गोरवा, बडोदे):
नंदेसरी भागातील एका रासायनिक कारखान्यात मी फिरत्या पाळीत काम करतो. लोक रात्रपाळीला नावे ठेवतात, परंतु आमच्या घराला खरी झळ दुपारी दोन ते रात्री दहाच्या, म्हणजे दुसऱ्या पाळीची बसते. मुलगी चौथीत आहे. ती सकाळच्या शाळेतून परतण्याआधीच कंपनीची बस मला घेऊन जाते आणि मी घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते. रात्रपाळीत निदान संध्याकाळचे जेवण एकत्र होते. दुसऱ्या पाळीत अभ्यास, स्वयंपाक आणि आईची औषधे हे सारे नोकरी सांभाळून पत्नीला एकटीने पाहावे लागते. जनरल शिफ्ट, म्हणजे कायमची दिवसाची पाळी, मागितली तर पाळीभत्ता जातो. इतर कुटुंबे हे कसे निभावतात?

उत्तर १ (निवृत्त ऑपरेटर, वाडी):
भट्ट्या आणि ऊर्ध्वपातनाचे स्तंभ रोज बंद-चालू करता येत नाहीत, त्यामुळे आपल्या क्षेत्रात पाळ्या टळणार नाहीत. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीत आपली जागा घेणारा माणूस, आला नाही तर पुढचे तासही आपल्यालाच काढावे लागतात. मात्र अदलाबदलीला वाव असतो. आमच्या प्लांटमध्ये गुजराती सहकाऱ्यांना नवरात्रात गरब्यासाठी संध्याकाळ मोकळी हवी असे आणि आम्हा मराठी मंडळींना गणपतीत, म्हणून पाळीपत्रक लागताच आम्ही परस्परांत ठरवून सुपरवायझरची लेखी मंजुरी घेत असू. आयत्या वेळी मागितलेली अदलाबदल क्वचितच मिळते. दुसऱ्या पाळीत मुलीला शाळेत सोडण्याचे काम आपण घ्यावे, असे मला वाटते.

उत्तर २ (मांजलपूर):
माझे पतीही पाळीत आहेत, म्हणून दादांच्या शेवटच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत नाही. रात्री अकराला जेवून झोपलेल्या माणसाने आठवडाभर पहाटे उठायचे ठरवले, तर अपुऱ्या झोपेची चिडचिड त्याच मुलीच्या वाट्याला येते, शिवाय रसायनांच्या कामात पेंगणे धोक्याचे असते. आठवड्यातून दोन सकाळी सोडावे, बाकीचे दिवस झोपावे. त्यापेक्षा पत्नीचा भार आधी पाहावा: आईंची औषधे दुपारी निघण्यापूर्वी मांडून ठेवणे, भाजी आणणे आणि निवडणे ही कामे त्याच पाळीत पुरुषाला सहज जमतात. बायकोची संध्याकाळ थोडी मोकळी झाली, की मुलीला निदान आई तरी निवांत मिळते. सुट्टीच्या दिवशी कमाटीबागेत नेण्याचे वचन मात्र पाळीपत्रक पाहूनच द्यावे. मोडलेले वचन मुले फार लक्षात ठेवतात.

उत्तर ३ (कार्मिक विभागात नोकरी, अलकापुरी):
सुट्टीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामासाठी दुप्पट वेतन ठरवले. साप्ताहिक सुट्टी बुडाल्यास बदली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढील दोन महिन्यांत देण्याची तरतूदही त्यात होती. अनेक कामगार ओटीचे, म्हणजे जादा कामाचे, पैसे चोख मोजून घेतात, पण बदली सुट्टी मागत नाहीत आणि ती तशीच विरून जाते. पगारी रजेचे प्रमाण वीस दिवसांच्या कामामागे एक असे आहे; ती सारी लग्नकार्यांत संपवण्याऐवजी तिच्यातील एक-दोन दिवस दुसऱ्या पाळीच्या मधोमध टाकून पाहा. शटडाऊनच्या, म्हणजे देखभालीसाठी प्लांट बंद ठेवण्याच्या, काळात रजा मिळत नाही, तेव्हा अर्ज त्यापूर्वीच द्या.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा आभारी आहे. माझ्या दोन बदली सुट्ट्या अजून शिल्लक आहेत. त्यांचा अर्ज उद्याच देतो, आणि औषधांचे काम आजपासून माझ्याकडे घेतले आहे.