कीड न मारता गच्चीवरची बाग कशी सांभाळायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत. घर जैन, त्यात सासूबाई कडक, चातुर्मासात दिव्यावरसुद्धा जाळी झाकतात चिलट पडायला नको म्हणून, त्यामुळं औषध फवारायचा विषयच नाही. आणि खरं सांगायचं तर आता मलाही मारवत नाही.

पहिला त्रास लिंबाचा. पानावर काळं-पांढरं काहीतरी दिसलं, वाटलं चिमणी शिटली, तर ती अळी निघाली! पुढं तीच हिरवी गुबगुबीत झाली, काडीनं उचलायला गेले तर डोक्यातनं नारिंगी शिंगं काढली आणि असला उग्र वास. शेंडे सगळे साफ. अकरा अळ्या डब्यात घालून खाली दारातल्या मोठ्या कढीपत्त्यावर सोडून आले, तिथं मजेत खातायत, पण लिंबावर परवा परत नवीन.

दुसरं म्हणजे जास्वंदीवर पांढरा मिलीबग, कापसासारखी दिसणारी रस शोषणारी कीड. दुकानदार म्हणतो निंबोळी अर्क मारा, कीड मरत नाही, नुसती भूक मोडते. खरंय का हे?

प्रतिसाद १
अर्धंच खरंय ताई. भूक मोडते, पण पिल्लांना कातही टाकता येत नाही आणि मरतात. तुमच्या हिशोबात बसणार नाही. पिवळे चिकट सापळे पण नकोत. लिंबाला पालवी फुटली की जुनी मच्छरदाणी टाका, त्या अळ्या फुलपाखराच्या, ते कोवळ्या पानांवरच एकेक अंडं घालतं, फक्त आधी पानं उलटीपालटी करून बघा नायतर अळी आतच कोंडाल. पानं जून झाली की काढा. मिलीबगचं मूळ मुंग्यांत आहे, त्याच्या गोड चिकट पाण्यासाठी मुंग्या त्याला राखतात, मिलीबग खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आले तर हुसकावतात. कुंडी विटेवर ठेवून खाली पाण्याची परात ठेवा, फांद्या भिंतीला टेकू देऊ नका. मग ढालकिडे खातील मिलीबग, ते पाप ढालकिड्यांचं 😄

धागाकर्ती
मच्छरदाणी आजच शोधते! परातीचं सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या साठलेल्या पाण्यात डासांची अंडी पडतील, मग ते पाणी ओतायचं कुणी? आता बोला.

प्रतिसाद १
रोज सकाळी बदला, अंडी पडली तरी कुंडीच्या मातीत... नको, थांबा, विचार करून सांगतो.