गादी सरकली, बसली की उसवली?

'कण्यातल्या दोन मणक्यांमधल्या डिस्कला मराठीत काय म्हणावं?' या इथे विचारलेल्या प्रश्नावर आतापर्यंत चकती, बिंब, कूर्चा आणि गादी असे चार शब्द पुढे आले आणि बहुतेकांचा कौल चकतीला पडला. मी लालबाग-परळ भागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. हा शब्द मला रोज वीस-पंचवीस वेळा तरी उच्चारावा लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत गादीला. मात्र तिच्यापुढे आपण जे क्रियापद लावतो, ते बदलायला हवं असं मला फार मनापासून वाटतं.

चकती म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काकडीची चकती, नळाच्या वायसरची चकती. सपाट, एकजिनसी, कापून काढलेली. दोन मणक्यांमधली वस्तू तशी नसते. बाहेरून चिवट तंतूंचे 15 ते 25 थर एकाभोवती एक गुंडाळलेले असतात, प्रत्येक थराचे तंतू शेजारच्या थराच्या उलट दिशेने तिरके. आणि मधोमध पाण्याने भरलेला मऊ गर. भार पडला की गर दबतो, थर ताणले जातात, भार उतरला की पुन्हा जागेवर. हे काम चकतीचं नव्हे, गादीचं. कूर्चा हा शब्द चांगला आहे, पण कूर्चा कानातही असते आणि नाकाच्या शेंड्यातही, त्यामुळे नेमकेपणा जातो. बिंब मी आजवर एकाही पेशंटच्या तोंडून ऐकलेला नाही.

मणका हा शब्द मला अतिशय आवडतो. मण्यावरून मणका, म्हणजे कण्याकडे माळ म्हणून बघणारी भाषा. जन्मतः या माळेत 33 मणी असतात: मानेत 7, पाठीत 12, कमरेत 5, त्याखाली 5 आणि अगदी टोकाला साधारण 4. खालचे 5 मोठेपणी एकजीव होऊन त्रिकास्थी होते, टोकाचे जुळून माकडहाड. उरले 24 सुटे मणके. गाद्या मात्र 23. कवटी आणि पहिला मणका यांच्यात गादी नाही, पहिल्या-दुसऱ्यातही नाही. तिथे जात्याचा वरचा दगड मधल्या खिळीभोवती फिरावा तसा पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो. आपण मान हलवून 'नको' म्हणतो ते मुख्यतः तिथून.

आता क्रियापद. 'गादी सरकली' हे 'स्लिप्ड डिस्क'चं सरळ भाषांतर आहे आणि मुळातलं इंग्रजीच चुकीचं आहे. गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला तंतूंनी घट्ट जखडलेली असते. ताटातून वाटी सरकावी तशी ती सरकूच शकत नाही. 1934 साली मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं की, पायात कळ जाणाऱ्या पुष्कळ पेशंटमध्ये गादीतला भाग बाहेर येऊन चेतातंतूला, म्हणजे नर्व्हला, दाबत असतो. त्याआधी तिथे सापडणारा गोळा बऱ्याचदा गाठ समजला जाई. त्या दोघांच्या लेखाच्या शीर्षकात शब्द आहे 'रप्चर', म्हणजे फाटणं. सरकणं नाही. कण्यात खरोखर सरकतो तो कधीकधी मणका. एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे येतो, त्याला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. तिथे 'मणका सरकला' अगदी बरोबर. दोन वेगळे आजार, दोन वेगळे उपचार, आणि आपण दोन्हींना एकच क्रियापद लावून बसलोय.

हा काथ्याकूट मी का करतेय ते सांगते. मागच्या वर्षी चाळीत राहणाऱ्या एक काकू आल्या, वय साठीच्या जवळ. एका डॉक्टरांनी एमआरआय बघून त्यांना 'तुमची गादी सरकलीये, वाकू नका' एवढंच सांगितलं होतं. काकू त्यानंतर पाच महिने वाकल्या नाहीत. खाली पडलेला चमचा उचलायला सून. दीड वर्षाच्या नातवाला कडेवर घेणं बंद. माझ्यासमोर खुर्चीवर बसताना त्यांनी डावा तळहात कमरेवर मागून घट्ट दाबून धरला. मी विचारलं, तिथे दुखतं का? 'दुखत नाही गं. आणखी सरकू नये म्हणून धरते.' पाच महिने ती बाई स्वतःचा कणा हाताने जागेवर धरून उठबस करत होती. दुखणं बरंचसं गेलेलं होतं. राहिली होती ती भीती, आणि ती एका क्रियापदाने घातलेली.

मी कागदावर चित्र काढायला घेतलं, मग थांबले. म्हटलं, काकू, पूर्वी चाळीत पिंजारी यायचा ना? त्या एकदम बोलायला लागल्या. धनुकलीचा तो टणत्कार, गॅलरीभर उडणारा कापूस, सगळ्या पोरांना शिंका. मग मी विचारलं, कापसाच्या गादीचं काय काय होतं? त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं: 'वापरून वापरून कापूस बसतो. एका बाजूला भार पडला की दुसरीकडे फुगते. आणि शिवण उसवली की तिथून कापूस बाहेर.'

मला त्या क्षणी तीन शब्द मिळाले, जे मी इतकी वर्षं शोधत होते. एमआरआयच्या रिपोर्टात जे येतं त्याला ते जसेच्या तसे लागू पडतात. गरातलं पाणी वयानुसार कमी होतं, गादीची उंची घटते, रिपोर्ट 'डिसिकेशन' म्हणतो: गादी बसली. सगळीकडून किंवा एका बाजूने कडेबाहेर येते, रिपोर्ट 'बल्ज' म्हणतो: गादी फुगली. बाहेरचे थर फाटून आतला गर बाहेर डोकावतो, रिपोर्ट 'प्रोट्रूजन' किंवा 'एक्स्ट्रूजन' म्हणतो: गादी उसवली. पहिल्या दोन गोष्टी तर काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही सर्रास दिसतात, केस पांढरे व्हावेत तशा. हे 'बसली' म्हटलं की समजावून सांगता येतं. 'सरकली' म्हटलं की नाही येत.

एका ठिकाणी ही उपमा उलटी होते, तेही सांगायला हवं. बसलेल्या कापसाच्या गादीला ऊन लागतं, या गादीला पाणी. मोठेपणी तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, आजूबाजूच्या हाडातून झिरपेल त्यावर ती जगते. दिवसभर उभं राहून, बसून पाणी थोडं पिळून निघतं, रात्री आडवं झाल्यावर परत शोषलं जातं. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण एक ते दोन सेंटिमीटर उंच असतो. उठल्या उठल्या भिंतीला टेकून पेन्सिलीची खूण करा, आणि डोंबिवली लोकलमधून उभ्याने घरी परतल्यावर पुन्हा करा.

'उसवली' शब्दाने पेशंट घाबरेल, अशी शंका कुणी घेतली तर ती रास्त आहे. उसवलेली गादी आपोआप शिवली जात नाही, शरीरात मात्र बरंच काही आपोआप होतं. बाहेर आलेला गर शरीराच्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात, आणि बहुतेकांची पायातली कळ काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय ओसरते. म्हणून मी वाक्य नेहमी पुरं करते: 'गादी थोडी उसवलीये, शरीर ते आवरतंय, आपण त्याला हालचालीने मदत करू.' अपवाद एकच, आणि तो मी प्रत्येकाला सांगतेच. लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद झपाट्याने जायला लागली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं.

आणखी एक. हल्ली कमरेत काहीही झालं की लोक येऊन 'गादी सरकली' सांगतात. अरे, आपल्याकडे उसण हा शब्द आहे ना! वाकून बादली उचलली आणि श्वाससुद्धा पुरा घेता येईना, ती उसण. चमक क्षणभराची, येते आणि जाते. लचक भरते ती वेडंवाकडं वळल्यावर. ठणका आतून, सतत. ओपीडीच्या कागदावर या सगळ्याचं 'बॅक पेन' होतं, आणि पाठ-कंबर हा फरकही त्यातच बुडतो. कमरेत उसण भरलेला माणूस बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत चालता-फिरता होतो. त्याला 'उसण' म्हणू दिलं तर तो तेवढाच घाबरतो, जेवढं घाबरायला हवं.

(जाता जाता: कंबर हा शब्द फारसी 'कमर'वरून आलेला. आपला जुना शब्द संस्कृत कटीपासूनचा 'कड', तो आता 'कडेवर घेणे' यात तेवढा उरलाय. मात्र तिथे तो अगदी टिकून आहे, मूल कुणी कंबरेवर घेत नाही.)

ज्याच्यासाठी मला अजून शब्द सापडलेला नाही, तो इथे विचारते. कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून पोटरीत, आणि तिथून कधी पायाच्या अंगठ्याकडे तर कधी करंगळीकडे जाणारी कळ. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हणतात, आमच्या मजल्यावरच्या गुजराती बा रांझण म्हणतात, आणि मराठी पेशंट 'सायटिका' किंवा 'शीर दबली' म्हणतात. शीर म्हटलं की अनेकांना रक्तवाहिनी वाटते आणि ते रक्त अडकलं म्हणून तेल लावून जोरात चोळत बसतात. पाठ्यपुस्तकातला 'चेता' त्यांच्या कानावर पडलेला नाही. तुमच्या गावाकडे, तुमच्या आजी-आजोबांच्या बोलण्यात या कळेला वेगळं नाव होतं का? कोकणातल्या, देशावरच्या, विदर्भातल्या सगळ्यांनी सांगा. काकूंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, 'तार ओढल्यासारखं होतं एवढं माहितीये, नाव कुणी सांगितलंच नाही.' नातू तेव्हा त्यांच्या कडेवर होता.