पीडीएफ आली की गपचूप डिलीट करायची, की त्यावर बोलायचं?

पानगळ:
आमचा वाचनकट्ट्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, दीडेकशे लोक, बहुतेक रिटायर्ड. परवा एका काकांनी कादंबरीची पीडीएफ टाकली, लेखिका हयात, पुस्तक गेल्या दिवाळीतलं. प्रत्येक पानाच्या कडेला कुणाचा तरी अंगठा आणि पान १७ वर वाचनालयाचा निळा शिक्का, चक्क! मी अ‍ॅडमिन, काही न बोलता उडवली. तर अर्धा ग्रुप पेटला, "ज्ञान वाटल्याने वाढतं" वगैरे, आणि एका ताईंचा पर्सनलवर मेसेज, की माझी डाउनलोड व्हायची राहिली, तुम्ही पाठवता का. मला! दुसरे अ‍ॅडमिन म्हणतात हा विषयच नको, बोललं की कुठे मिळतं ते लोकांना कळतं. मला पटत नाहीये पण उत्तरही सुचत नाहीये.

खिळेजुळारी:
मी प्रकाशनात डीटीपी आणि प्रुफं बघतो, त्यामुळे मत एकतर्फी वाटलं तर वाटू दे. हिशेब ऐका. पुस्तक ३५० चं, आवृत्ती हजाराची, रॉयल्टी १० टक्के धरा. सगळी खपली तर लेखिकेच्या हातात ३५ हजार, आणि खपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. हे तुमच्या काकांना कुणी सांगितलंय का कधी? लिंका देऊ नका, पण बोला. गप्प बसून आजवर कुठली पीडीएफ थांबलीये.

सिडनीकर:
इथे मराठी पुस्तक मागवलं तर पुस्तकापेक्षा पोस्टेज जास्त. ई-बुक असेल तर घेतोच, किंडलवर मराठी २०१६ पासून आहे, बुकगंगाची साइट आहे. पण मला हवी असलेली निम्मी पुस्तकं दोन्हीकडे नाहीत, प्रकाशन बंद पडलेलं, लेखक गेलेले, वारसांचा पत्ता नाही. मग टेलिग्रामवर सापडलं की उतरवतो. चोरी म्हणा हवं तर. पण हे उघड बोललोच नाही तर गिऱ्हाईक पैसे घेऊन उभंय हे प्रकाशकाला कळणार कसं?

खिळेजुळारी:
@सिडनीकर कळतं हो, पण जुन्या फाइली पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, फॉन्ट श्रीलिपी. ई-बुकसाठी ते युनिकोड (कुठेही वाचता येईल असं) करायला गेलं की जोडाक्षरं फुटतात, मग अख्खं पुस्तक नव्याने तपासायचं. तो खर्च किती ई-बुकं विकून निघणार, तुम्हीच सांगा.

काळा_कोट:
चर्चा करणं गुन्हा नाही, फाइल फिरवणं आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद (पैशासाठी केलं नसेल तर कोर्ट कमी करू शकतं). आणि टेलिग्रामवर आपण दिसत नाही या भ्रमात राहू नका, कोचिंगच्या पुस्तकांच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने २०२२ मध्ये चॅनेलवाल्यांची माहिती द्यायला लावली होती.
पण ग्रुपवर खरं सांगायचं ते हे, की आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून त्यांचं लेखन मोकळं, विकिस्रोतावर आहे, खुशाल वाटा. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत नाही. शिवाय ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने ई-बुकं फुकट देतं, साहित्य संस्कृती मंडळाच्या साइटवरही पुष्कळ आहे. निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं.

पानगळ:
अपडेट. शेवटी काकांना फोनच केला. पुस्तक त्यांनीच वाचनालयातून आणलेलं, काकूंना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून नातवाने पानापानाचे फोटो काढून दिले, मोबाइलवर मोठं करून वाचायला. अंगठा नातवाचा! काकूंचं वाचून झालं, आवडलं, म्हणून काकांनी ग्रुपवर टाकलं. आता यांना चोर कसं म्हणू. रविवारी कट्ट्यावर हाच विषय घेतोय, दुसरे अ‍ॅडमिन तोंड वाकडं करून का होईना तयार झालेत. @खिळेजुळारी तुमचा हिशेब वापरू का?

खिळेजुळारी:
वापरा की. फक्त ३५० म्हणू नका, कागद महागलाय, आता तेवढंच पुस्तक ४०० ला जातं.